घरगुती ‘चायनीज’ सॉस : राशी, संस्कार व साठवण यांचा विचार

प्रास्ताविक

भिवंडीतील निजामपुरा हा जुना व दाट वस्तीचा भाग आहे. शहराच्या महानगरपालिकेच्या नावातही ‘निजामपूर’ आहेच. कोकणी मुस्लिम कुटुंबे, आगरी-कोळी समाज, तेलंगणातून आलेले विणकर आणि उत्तर भारतातून आलेले कामगार यांच्या एकत्र वास्तव्यामुळे भिवंडीच्या आहारात पुष्कळ विविधता आहे. यंत्रमागाचे काम पाळ्यांमध्ये चालत असल्याने रात्री उशिरा भोजन करणारा मोठा वर्ग येथे आहे. अशा वेळी स्वस्त, उष्ण आणि तत्काळ मिळणारे अन्न म्हणजे ‘चायनीज’च्या गाडीवरील फ्राइड राइस, नूडल्स अथवा मंचुरियन. हे पदार्थ आता घरोघरी पोहोचले असून मुलांच्या आग्रहाखातर आठवड्यातून एकदा तरी ते शिजविणारी कुटुंबे आपल्या सर्वांच्या परिचयाची आहेत.

रक्तदाब, अम्लपित्त, शोथ वा त्वग्विकाराचा रुग्ण आला की आपण पथ्यापथ्याच्या चिठ्ठीवर ‘चायनीज वर्ज्य’ असे लिहितो. रुग्ण मान डोलावतो. त्यानंतर दोन गोष्टी संभवतात. एक तर तो पथ्य मोडतो व पुढील भेटीत ते सांगत नाही. किंवा गाडीवर जाणे थांबवून सोया सॉस, चिली सॉस व व्हिनेगर यांच्या बाटल्या घरी आणतो आणि ‘घरचे आहे’ या समाधानात पूर्वीइतकेच लवण सेवन करतो. दुसरा प्रकार अधिक चिंतेचा, कारण त्यात रुग्णाला आपण पथ्य पाळत आहोत असे प्रामाणिकपणे वाटत असते.

निषेधाबरोबर पर्याय दिला तरच पथ्य टिकते. भाज्या मोठ्या आचेवर परतून त्यात घालावयाचा सॉस घरी कसा करावा, त्यातील लवणाची राशी कशी मोजावी, रुग्णानुसार त्यात कोणते फेरफार करावेत आणि तो किती काळ ठेवावा, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे. फार्मसीचालकांच्या दृष्टीने साठवण व विक्री यांसंबंधीचे मुद्दे अखेरीस दिले आहेत.

हा पदार्थ कोठून आला?

आज ज्यास आपण ‘चायनीज’ म्हणतो तो बहुतांशी भारतात घडलेला पाकप्रकार आहे. कोलकात्यात स्थायिक झालेल्या चिनी, विशेषतः हक्का समाजाने तो भारतीय रुचीस जुळवून घेतला. मंचुरियन या पदार्थाचे श्रेय सामान्यतः कोलकात्यात जन्मलेले नेल्सन वाँग यांना दिले जाते. मुंबईच्या क्रिकेट क्लब ऑफ इंडियामध्ये १९७५ साली त्यांनी आले, लसूण व हिरवी मिरची यांवर परतलेल्या कोंबडीच्या तळलेल्या तुकड्यांना सोया सॉस व कॉर्नफ्लोअरची जोड दिली, असे सांगितले जाते. म्हणजेच या पदार्थाचा गाभा आले, लसूण व मिरची हा आपलाच मसाला असून त्यावर सोया सॉसचा खारट-किण्वित रस आणि कॉर्नफ्लोअरचा दाटपणा चढविलेला आहे. घटक असे वेगळे केले की कोणता ठेवावा आणि कोणता कमी करावा हे ठरविणे सोपे जाते.

भीती अजिनोमोटोची, भार लवणाचा

‘चायनीज’विषयी बोलताना रुग्ण प्रथम अजिनोमोटोची चौकशी करतो. तोक्यो येथील रसायनशास्त्रज्ञ किकुनाए इकेदा यांनी १९०८ साली कोंबू या समुद्री वनस्पतीच्या सारातून ग्लुटामेट वेगळे केले आणि १९०९ पासून त्याचे सोडियमयुक्त लवण ‘अजिनोमोटो’ या नावाने विक्रीस आले. १९६८ साली एका अमेरिकन वैद्यकीय नियतकालिकात, चिनी उपाहारगृहात जेवल्यावर मानेत बधिरता व छातीत धडधड जाणवते अशा आशयाचे एक पत्र प्रसिद्ध झाले आणि या पदार्थाविषयी जगभर भीती पसरली. नंतर झालेल्या चाचण्यांत, ज्यामध्ये देणाऱ्यास व घेणाऱ्यास कोणालाही काय दिले आहे हे ठाऊक नसते, आहारातील नेहमीच्या प्रमाणात ही लक्षणे सातत्याने आढळली नाहीत. अन्नाविना ३ ग्रॅम वा अधिक मात्रेत घेतल्यास काही व्यक्तींत डोकेदुखी, बधिरता, धडधड अशी अल्पकालिक लक्षणे संभवतात.

अजिनोमोटोचा पुरस्कार करण्यासाठी हे लिहिलेले नाही. प्रश्न असा की भीतीचे लक्ष्य चुकले तर खरा दोष नजरेआड राहतो. साध्या मिठात वजनाच्या सुमारे ३९ टक्के सोडियम असते; अजिनोमोटोत ते सुमारे १२ टक्के असते. ‘आम्ही अजिनोमोटो वापरत नाही’ अशी पाटी लावलेल्या गाडीवर सोया सॉस व मीठ मुक्तहस्ते घातले जात असेल, तर त्या पाटीचा रक्तदाबाच्या रुग्णास काहीही उपयोग नाही.

आता सोया सॉसकडे वळू. नेहमीच्या सोया सॉसच्या १५ मिलीत, म्हणजे एका मोठ्या चमच्यात, साधारणतः ९०० मिलिग्रॅम सोडियम असते. सोडियमचा आकडा अडीचने गुणला की मिठाचे वजन मिळते. म्हणजे एका मोठ्या चमच्यात सुमारे सव्वादोन ग्रॅम मीठ झाले. समजा, एका व्यक्तीच्या फ्राइड राइसमध्ये दोन मोठे चमचे सोया सॉस व अर्धा लहान चमचा मीठ पडले, तर साडेचार अधिक अडीच, असे सुमारे सात ग्रॅम मीठ एका ताटात जाते. चिली सॉस, टोमॅटो सॉस व शेजवान चटणीतील मीठ यात धरलेले नाही. जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढांसाठी संपूर्ण दिवसाची मर्यादा पाच ग्रॅमपेक्षा कमी सांगितली आहे.

संहितांची दृष्टी

चरकसंहितेच्या विमानस्थानातील पहिल्या अध्यायात पिप्पली, क्षार व लवण ही तीन द्रव्ये अतिमात्रेत व सतत सेवन करू नयेत असे सांगितले आहे. लवण अन्नास रुचकर करते, क्लेदन व पाचन करते, हे आचार्यांना मान्यच आहे. परंतु अतिसेवनाने ग्लानी, शैथिल्य व दौर्बल्य येते असे ते सांगतात आणि दुधाबरोबरही लवण खाणाऱ्या बाह्लीक, सौराष्ट्र, सैंधव, सौवीर या देशांतील लोकांचे उदाहरण देतात. त्याच ठिकाणी क्षाराच्या अतिसेवनासाठी प्राच्य व चीन देशीयांचा उल्लेख येतो. एखाद्या जनपदाची आहारसवय व तिचे परिणाम यांचा संबंध पाहण्याची ही रीत आहे. निजामपुऱ्यात काम करणाऱ्या वैद्याने आपल्या परिसरातील आहाराकडे याच दृष्टीने पाहावे.

सूत्रस्थानाच्या सव्विसाव्या अध्यायात लवणरसाच्या अतियोगाने पित्तप्रकोप, तृष्णा, रक्तदुष्टी, तसेच रक्तपित्त, अम्लपित्त, वीसर्प, वातरक्त, विचर्चिका व इंद्रलुप्त असे विकार सांगितले आहेत. चिकित्सालयातील ज्या रुग्णांना आपण हे पदार्थ वर्ज्य करतो त्यांची यादी याहून फारशी भिन्न नसते.

व्हिनेगर हे आपल्या शुक्तवर्गाच्या निकटचे द्रव्य आहे. अष्टांगहृदयाच्या द्रवद्रव्यविज्ञानीय अध्यायानुसार शुक्त हे रक्त, पित्त व कफ यांचा उत्क्लेश करणारे आणि वातानुलोमन आहे. म्हणून वातप्रधान, मंदाग्नी रुग्णास अल्प मात्रेत चालणारे व्हिनेगर अम्लपित्ताच्या रुग्णास बाधते. अम्ल द्रव्ये सामान्यतः पित्तकर असली तरी दाडिम व आमलकी हे त्यास अपवाद आहेत. पुढे दिलेल्या फेरफारांत या अपवादाचा उपयोग केला आहे.

मिरचीचा उल्लेख संहितांत नाही. ती मूळची अमेरिका खंडातील असून पोर्तुगीजांमार्फत सोळाव्या शतकात आपल्याकडे आली. संहितांतील कटुरसाचे कार्य मरिच, पिप्पली व शुंठी करीत असत. म्हणून सॉसमध्ये मिरची कमी करून मिरे व आले वाढविणे हे शास्त्रास धरून आहे आणि चवीलाही जुळते.

रसविमान अध्यायातील आठ आहारविधिविशेषायतनांपैकी राशी व करण, म्हणजे मात्रा व संस्कार, ही दोन येथे सर्वाधिक महत्त्वाची आहेत. गाडीवर राशी विक्रेत्याच्या हाती असते. घरी ती मोजता येते. घरी करण्याचा खरा लाभ एवढाच आहे, आणि मोजले नाही तर तोही मिळत नाही.

साहित्य (चार व्यक्तींसाठी, सुमारे ६०० ग्रॅम भाज्यांना पुरेल इतके)

पाणी १६० मिली (कोबी, गाजर, कोथिंबीर यांचे देठ उकळून गाळलेले पाणी घेतल्यास उत्तम)
सोया सॉस १५ मिली
पिकलेला टोमॅटो १, मध्यम, वाटून
आले १० ग्रॅम, बारीक चिरून
लसूण १० ग्रॅम, बारीक चिरून
बेडगी मिरच्या २, बिया काढून कोमट पाण्यात भिजवून वाटलेल्या
मिरेपूड १ ग्रॅम
गूळ ५ ग्रॅम
कॉर्नफ्लोअर ८ ग्रॅम (एक मोठा चमचा, सपाट)
तिळाचे अथवा शेंगदाण्याचे तेल १० मिली
व्हिनेगर ५ मिली अथवा लिंबाचा रस १० मिली
मीठ घालू नये.

या प्रमाणात सोया सॉसमधून प्रत्येकी साधारण अर्धा ग्रॅमहून किंचित अधिक मीठ जाते. भात किंवा नूडल्स शिजवितानाही मीठ घालू नये. मीठ कमी असूनही चव फिकी लागत नाही, कारण शिजून आटलेल्या टोमॅटोत ग्लुटामेट नैसर्गिकरीत्या असते आणि अखेरीस घातलेला अम्लरस जिभेला मिठाची उणीव जाणवू देत नाही. भाज्यांत अळंबी घातल्यास हाच परिणाम अधिक मिळतो.

सोया सॉस निवडताना बाटलीवरील घटकांची यादी वाचावी. पारंपरिक सोया सॉस सोयाबीन, गहू, मीठ व पाणी यांच्यापासून कित्येक महिन्यांच्या किण्वनाने होतो. आपल्या संधानकल्पनेशी त्याचे साधर्म्य आहे. दुसऱ्या प्रकारात वनस्पतिज प्रथिनांचे आम्लाच्या साहाय्याने अल्पकाळात विघटन करून त्यात रंग व मीठ मिसळतात. या प्रक्रियेत ३-एमसीपीडी नावाचे अनिष्ट द्रव्य उत्पन्न होऊ शकते. शक्य तेथे किण्वित प्रकार घ्यावा. मात्र त्यात गहू असतो, हे गव्हाची असात्म्यता असलेल्या रुग्णांस आवर्जून सांगावे.

निजामपुऱ्यातील वैद्यांना आणखी एक प्रश्न विचारला जातो, तो मद्यांशाचा. किण्वित सोया सॉसमध्ये दोन टक्क्यांच्या आसपास मद्यांश स्वाभाविकपणे तयार होऊ शकतो. आसवारिष्टांविषयी हाच प्रश्न आपण नेहमी ऐकतो. रुग्णाला वस्तुस्थिती स्पष्ट सांगावी आणि निर्णय त्याच्या श्रद्धेवर सोडावा. ज्यांना तो नको असेल त्यांच्यासाठी सोया सॉसऐवजी चिंचेचा दाट कोळ १५ मिली, वाटलेला खजूर एक, भाजलेल्या जिऱ्याची पूड १ ग्रॅम व मीठ २ ग्रॅम, काट्यावर तोलून, असा पर्याय देता येतो. खजूर घेतल्यास गूळ व व्हिनेगर दोन्ही वगळावे. गव्हाची किंवा सोयाबीनची असात्म्यता असणाऱ्यांनाही हाच पर्याय उपयुक्त आहे.

कृती

१. कॉर्नफ्लोअर ३० मिली थंड पाण्यात कालवून बाजूस ठेवावे. गरम पाण्यात कालविल्यास गुठळ्या होतात. हे पाणी वरील १६० मिलीतूनच घ्यावे.

२. लोखंडी कढईत तेल मध्यम तापवून त्यात आले व लसूण परतावे. लसणाचा कच्चा वास जाताच पुढील कृती करावी; तो तांबूस होऊ देऊ नये. करपलेला लसूण कडवट होतो आणि ती कटुता झाकण्यासाठी मग मीठ व गूळ वाढविले जातात.

३. वाटलेली मिरची घालून अर्धा मिनिट परतावे. नंतर वाटलेला टोमॅटो घालून कडेने तेल सुटेपर्यंत आटवावे.

४. उरलेले पाणी, सोया सॉस, गूळ व मिरेपूड घालून उकळी आणावी.

५. कालविलेले कॉर्नफ्लोअर तळाशी बसते, म्हणून पुन्हा ढवळून धारेने सोडावे व सतत हलवावे. पांढुरका रंग जाऊन सॉस पारदर्शक व चकचकीत होईपर्यंत, साधारण एक मिनिट, उकळत ठेवावा. पांढुरकेपणा राहिला तर पिष्ट अपक्व आहे असे समजावे. असे अपक्व पिष्ट गुरू व आमकर ठरते.

६. आच बंद करून मग व्हिनेगर किंवा लिंबाचा रस घालावा. आधी घातल्यास व्हिनेगरचा अंश उडून जातो आणि आम्लासह दीर्घकाळ उकळल्याने पिष्टाचा दाटपणाही कमी होतो.

भाज्या स्वतंत्रपणे परताव्यात. धुतलेल्या भाज्या कोरड्या करून, कढई चांगली तापल्यावर, थोड्या थोड्या घालाव्यात. एकदम सर्व भाज्या घातल्यास कढई थंड होते, भाज्यांना पाणी सुटते आणि त्या परतल्या न जाता शिजतात. प्रथम गाजर व फरसबी, नंतर ढोबळी मिरची, शेवटी कोबी व कांद्याची पात असा क्रम ठेवावा. सर्व भाज्या एकत्र करून वर सॉस ओतावा आणि अर्ध्या मिनिटात कढई उतरवावी.

अनेक पाककृतींत या सॉसमध्ये मध घालून उकळण्यास सांगितलेले असते. मधाचा उष्णाशी विरोध आपल्याला ज्ञात आहे. म्हणून वरील कृतीत गूळ योजला आहे.

रुग्णानुसार फेरफार

रक्तदाब व शोथ : सोया सॉस १० मिलीपर्यंत कमी करावा. सोबत लोणचे, पापड व बाटलीबंद चटणी नको. शोथाच्या तीव्र अवस्थेत लवण पूर्ण वर्ज्य असेल तर सोया सॉसही वर्ज्य समजावा.

अम्लपित्त व रक्तपित्त : व्हिनेगर, मिरची व लसूण वगळावे. टोमॅटो निम्मा घ्यावा. अम्लतेसाठी अनारदाण्याची पूड अथवा आवळ्याचे चूर्ण २ ग्रॅम योजावे, धनेपूड घालावी. रात्री उशिरा सेवन नको.

प्रमेह : गूळ वगळावा, कॉर्नफ्लोअर निम्मे करावे व सॉस पातळच ठेवावा. भाताचे प्रमाण कमी करून भाज्या वाढवाव्यात.

वृक्कविकार : येथे स्वतःच्या अंदाजाने पर्याय देऊ नये. सोडियमबरोबर पोटॅशियमचीही मर्यादा असू शकते. टोमॅटो व भाज्यांचे उकळलेले पाणी यांत पोटॅशियम असते. चिकित्सक मंडळींनी ठरवून दिलेल्या आहारयोजनेतच सॉसचा विचार करावा. ‘लो सोडियम’ मिठात सोडियम क्लोराइडच्या काही भागाऐवजी पोटॅशियम क्लोराइड असते. वृक्कविकारात, तसेच रक्तदाबाची काही औषधे चालू असताना, ते धोकादायक ठरू शकते.

श्रमिक : उष्ण, कोंदट कारखान्यात घाम गाळणाऱ्या निरोगी कामगारास वृक्करोग्याचा नियम लावणे योग्य नाही. उपयोक्ता हेही एक आयतन आहे. त्यास पुरेसे पाणी, वेळेवर भोजन आणि परतलेल्या भाज्यांसोबत डाळ, अंडे अथवा पनीर असे बल्य अन्न सुचवावे. तथापि घाम येतो म्हणून रोज सात ग्रॅम मिठाचे एक ताट खावे, असा त्याचा अर्थ होत नाही.

सैंधवाविषयी दोन शब्द आवश्यक आहेत. सैंधव लवणांत श्रेष्ठ आहे, यात वाद नाही. परंतु ‘वैद्यांनी सैंधव सांगितले आहे’ म्हणून रुग्ण त्याचे प्रमाण सोडून देतो, हे वारंवार दिसते. सैंधवातही मुख्यत्वे सोडियम क्लोराइडच असते. द्रव्याची श्रेष्ठता राशीचा नियम रद्द करीत नाही. चिठ्ठीवर ‘सैंधव’ लिहिताना त्यापुढे मात्रा लिहिण्याची सवय आपण सर्वांनी लावून घ्यावी.

साठवण : दुर्लक्षित धोका

घरी केलेला सॉस पूर्ण थंड झाल्यावर ताटकळत न ठेवता स्वच्छ, कोरड्या काचेच्या बरणीत भरून शीतकपाटात ठेवावा व तीन ते चार दिवसांत संपवावा. वापरताना पुन्हा उकळी आणावी. व्हिनेगरचे प्रमाण अल्प असल्याने केवळ आंबटपणावर हा सॉस टिकेल असे मानू नये.

अधिक गंभीर प्रकार म्हणजे चिरलेला लसूण अथवा लसूण-मिरचीची चटणी भरपूर तेलात बुडवून ओट्यावर ठेवणे. तेलाचा थर म्हणजे संरक्षण, अशी समजूत आहे. प्रत्यक्षात मातीतून लसणाबरोबर येणारे क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम या जिवाणूचे बीजाणू हवारहित, ओलसर व कमी आम्ल अशा स्थितीतच वाढतात. तेलाखालचा लसूण त्यांना नेमकी तीच स्थिती देतो. त्यांचे विष मज्जासंस्थेवर आघात करते. पदार्थाचा वास, रंग वा चव बदललेली नसतानाही ते असू शकते. १९८५ साली कॅनडातील व्हँकुव्हर शहरात, शीतकपाटाबाहेर ठेवलेल्या तेलातील चिरलेल्या लसणामुळे ३६ व्यक्तींना या विषाची बाधा झाली होती. धूसर वा दुहेरी दिसणे, पापण्या जड होणे, गिळण्यास व बोलण्यास त्रास आणि वरून खाली उतरत जाणारे दौर्बल्य अशी लक्षणे आढळल्यास कोणतीही घरगुती चिकित्सा न करता रुग्णास तत्काळ मोठ्या रुग्णालयात पाठवावे.

स्नेहकल्पना करणाऱ्या आपल्या फार्मसीचालकांस यातील मर्म लगेच कळेल. सिद्ध तेलाची वात पेटविली असता तडतड झाली नाही, म्हणजे जलांश उरला नाही, ही परीक्षा आपण करतो. लसणाच्या चटणीत जलांश राहतोच. म्हणून लसूण घातलेले सिद्ध तेल टिकते, परंतु तेलात बुडविलेला लसूण टिकत नाही. दोन्ही पदार्थ दिसावयास सारखे असले तरी त्यांचा संस्कार भिन्न आहे.

फार्मसीचालकांसाठी

आपल्या परिसरात अशा सॉसला मागणी आहे, हे पाहून तो बाटलीत भरून विकण्याचा विचार काहींच्या मनात येणे स्वाभाविक आहे. त्यासंबंधी पुढील बाबी ध्यानात घ्याव्यात.

पहिली बाब अशी की सॉस हे अन्न आहे. औषधे व सौंदर्यप्रसाधने अधिनियम १९४० खालील आयुर्वेदीय औषधनिर्मितीचा परवाना अन्नविक्रीस पुरेसा नाही. अन्न सुरक्षा व मानके अधिनियम २००६ खाली स्वतंत्र नोंदणी अथवा परवाना घ्यावा लागतो.

दुसरी बाब, २०२२ साली ‘आयुर्वेद आहार’ या वर्गासाठी स्वतंत्र विनियम लागू झाले. त्यांचा आधार अधिकृत ग्रंथांतील कृती, द्रव्ये व पद्धती हा आहे. सोया सॉसमध्ये सुंठ-मिरे घातले म्हणून त्यास आयुर्वेदीय म्हणणे हे ना कायद्यास धरून, ना शास्त्रास.

तिसरी बाब टिकाऊपणाची. घरगुती कृती मोठ्या प्रमाणावर केली की ती आपोआप सुरक्षित होत नाही. बाटलीबंद सॉसचा पीएच ४.६ पेक्षा पुरेसा खाली राहील अशी आम्लता, योग्य तापमानाला भरणी आणि प्रयोगशाळेतील परीक्षण या तिन्ही गोष्टी झाल्याशिवाय असा सॉस बाहेर ठेवून विकू नये. वर दिलेली कृती घरी ताजी करून खाण्यासाठी आहे, बाटलीबंद विक्रीसाठी नव्हे.

विक्रीचा विचार नसला तरी फार्मसीचालक एक मोलाचे कार्य करू शकतात. दुकानात येणाऱ्या रक्तदाबाच्या रुग्णास कोणत्याही बाटलीवरील सोडियमचा आकडा शोधून, तो अडीचने गुणून मीठ कसे काढावे, हे दोन मिनिटांत शिकविता येते. घरी नेण्यासाठी ५ मिलीचे व १५ मिलीचे मोजमाप द्यावे. औषधाच्या बाटलीबरोबर येणारी टोपी वा चमचा स्वच्छ धुऊन यासाठी चालतो.

उपसंहार

भिवंडीसारख्या शहरात ‘चायनीज’ हा आता परका आहार राहिलेला नाही. त्याकडे केवळ निषेधाने पाहिल्यास रुग्ण आपल्यापासून गोष्टी लपवू लागतो आणि रक्तदाब वाढलेला का, हे कोडे आपल्यालाच पडते. पथ्याच्या चिठ्ठीवर ‘चायनीज वर्ज्य’ या दोन शब्दांऐवजी चार ओळी लिहाव्यात : बाहेरचे टाळावे, घरी करताना चौघांत एक मोठा चमचा सोया सॉस, वर मीठ नाही, रात्री उशिरा नको, उरलेला सॉस शीतकपाटात, चार दिवसांच्या आत. एवढे लिहिण्यास अर्धे मिनिट लागते. जो रुग्ण वर्ज्य सांगितलेले लपवून खात होता, तो मोजून सांगितलेले उघडपणे खाईल आणि पुढील भेटीत त्याविषयी बोलेलही. तेथून त्याची चिकित्सा खऱ्या अर्थाने सुरू होते.